खाऊच्या पानाचा वेल मराठवाड्याच्या उन्हात कसा जगवायचा आणि पान कशाकशाला वापरायचं

दरवर्षी जून-जुलैत आमच्या कॉलनीत चार-पाच जण तरी नर्सरीतून नागवेल आणतात, दिवाळीपर्यंत वेल मस्त वाढतो, संक्रांतीला जरा मलूल होतो आणि एप्रिलच्या शेवटी वाळून काडी होऊन जातो, मग म्हणतात आपल्या लातूरला नाही येत हो पान, ते कोकणातलं काम आहे. येतं. माझ्या घराच्या पूर्वेच्या बोळीत २०१४ च्या आषाढात लावलेला वेल आजपण आहे, देवाला, पाहुण्याला, शेजारपाजारला पुरून उरतील एवढी पानं देतो. त्याच्या आधीचे दोन वेल मात्र माझ्या हातानं मेले आणि ते का मेले हे कळायला मला दोन वर्षं लागली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला घेतलं.

सगळ्यात आधी झाडाचा स्वभाव समजून घ्या, पुढची सगळी कामं त्याच्यावरच आहेत. नागवेल म्हणजे मिरीच्या कुळातला वेल. काळी मिरी, पिंपळी आणि आपलं खाऊचं पान ही सख्खी भावंडं. मूळचा दाट जंगलातला, मोठ्या झाडाच्या सावलीत, पेरापेराला मुळं सोडत खोडाला चिकटून वर चढणारा. जिथं हा आपसूक खुशीत राहतो तिथं वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडं सातशेच्या आसपास, तोही चार महिन्यात, आणि मधे खंड पडला की महिनाभर आभाळ कोरडं. वरून परभणी-नांदेडला मे महिन्यात ४३-४४ चं ऊन. म्हणजे त्याला जे पाहिजे ते आपल्याला तयार करून द्यावं लागतं: डोक्यावर सावली, अंगाला गरम वारा नाही, आणि पायाशी वाफसा, म्हणजे ओलसर पण मोकळी माती. यातला वाफसा लोक विसरतात. आपल्याकडं वेल तहानेनं मरतो असं सगळ्यांना वाटतं पण मी बघितलेले निम्मे वेल तरी मुळाशी पाणी साचून मेलेत.

माझा पहिला वेल असाच गेला. काळ्या मातीत खड्डा केला, भोवती छान आळं केलं आणि रोज बादली ओतायची. पानं पिवळी पडायला लागली तशी मी अजून पाणी वाढवलं. मावशीच्या गावाला, उदगीरच्या बाजूला, एक म्हातारे आबा होते, त्यांनी तरुणपणी विहिरीच्या थळात पानमळा केलेला. ते एकदा लातूरला दवाखान्याच्या कामाला आलेले तेव्हा घरी आले, वेलाकडं बघितलं आणि म्हणाले, "येवढं पाणी कामून घालालीस गं? ह्याच्या मुळ्या कुजालल्या." मग त्यांनी बोटानं माती उकरून नाकाला लावली आणि मला पण वास घ्यायला लावला, नालीसारखा आंबट वास येत होता. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, तो जोवर येतोय तोवर वेलाची काळजी नाही, असं म्हणाले. मी आजपण महिन्यातून एकदा माती उकरून वास घेते.

रोप आणताना

नर्सरीत जाल तेव्हा पानाचा एक तुकडा तोडून चुरगाळून वास घ्या, लाजायचं नाही. मला एकदा एका नर्सरीवाल्यानं नागवेल म्हणून मिरीचा वेल दिला होता, दिसायला जवळजवळ सारखा, वर्षभर मी पानं कडक का लागतात म्हणून विचार करत बसले. मिरीचं पान जाड, गडद, चामड्यासारखं असतं आणि त्याला आपल्या विड्याचा तो लवंगेकडं जाणारा वास येत नाही. तो वास युजेनॉलचा, लवंगेत पण मुख्य तेच असतं. मनीप्लँट तर कुणीपण ओळखेल असं वाटतं, पण लहान रोपात फसायला होतं. मनीप्लँट चुकून पण तोंडात घालू नका, तोंडाची आग होते.

जात कुठली घ्यायची? आपल्या महाराष्ट्रात पानमळ्यात जास्त कपुरी चालते. पान लांबट, फिकट हिरवं, जरा पिवळसर झाक, चवीला सौम्य. घरी लावायला मी तरी कपुरीच सांगेन, उन्हाला थोडी जास्त टिकते असा माझा अनुभव आहे आणि लहानथोर सगळ्यांना तिखट न लागता खाता येते. बंगला पान गोलसर, मोठं, झणझणीत. कलकत्ता मीठा गोडसर पण लई नाजूक, माझ्याकडं दोनदा लावला आणि दोन्ही वेळा मार्चमधे गेला. मघई बिहारचं, २०१८ ला त्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तोंडात विरघळतं म्हणतात ते हेच. पण ते तिथल्या बरेजाच्या, म्हणजे बांबू-गवताच्या मांडवाच्या, सावलीत वाढवलेलं असतं, आपल्याकडं हौस म्हणून एक कुंडी ठीक.

नर्सरीपेक्षा ओळखीच्या कुणाकडं जुना वेल असेल तर त्याचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, आणा, फुकट मिळतं आणि आपल्या हवेला सरावलेलं असतं. नागवेलीला आपल्याकडं बी धरत नाही, नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात आणि सगळी लागवड कांडीवरच चालते.

बेणं लावायची पद्धत

वेळ एकच, मृगाचा पाऊस पडून हवा थंड झाली की, म्हणजे जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत. फेब्रुवारीत लावायचा मोह होतो कारण तेव्हा वेल फुटायला लागतो, पण दोन महिन्याचं लेकरू मे महिन्यात कसं टिकणार सांगा.

एक-दीड वर्षाच्या वेलाचा शेंड्याकडचा भाग घ्यायचा, पेन्सिलीएवढा किंवा जरा बारीक, हिरवा पण कवळा नाही. एका कांडीला चार-पाच डोळे ठेवून खालच्या डोळ्याच्या बोटभर खाली धारदार ब्लेडनं तिरकं कापायचं, कात्रीनं चेंगरतं. खालची पानं देठासकट काढून टाका, वरती एक-दोन पानं ठेवा आणि तीपण मोठी असतील तर अर्धी कापा. पेरावर आधीच बारीक पांढरी मुळं दिसत असतील तर फार चांगलं, ती मोडू देऊ नका. कांडीचे दोन डोळे मातीत आणि बाकीचे वर. माती बोटांनी घट्ट दाबायची, मधे पोकळी राहिली की तिथं बुरशी धरते.

सुरुवात छोट्या पिशवीत करा. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घाला, तिला दोन-तीन भोकं पाडा, आणि सावलीत ठेवा. मी एकावेळी आठ-दहा कांड्या लावते, पाच-सहा जगतात. तीन-चार आठवड्यात नवा कोंब दिसतो. कोंब दिसला म्हणून लगेच ओढून मुळं बघू नका, दोन पानं पूर्ण उघडली की मगच मोठ्या जागी न्यायचं.

माती, म्हणजे अर्धं काम

आपली काळी माती कापसाला सोयाबीनला सोनं आहे, पण नागवेलीला एकटी चालत नाही. पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन घमेली पोयट्याची किंवा लाल माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट नाहीतर झाडाखालचा कुजलेला पालापाचोळा, एक घमेलं नदीची जाडी वाळू आणि वरून दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतल्यावर चहापत्तीसारखं मोकळं आणि गरम न लागणारं. ताजं शेण घातलं तर मुळं खाणारी हुमणी अळी पण येते आणि मुळं पण भाजतात. कुंडी कमीत कमी १४ ते १६ इंची, मातीची असली तर उत्तम, प्लास्टिकची असेल तर खालची भोकं मोठी करून घ्या आणि बुडाला विटांचे तुकडे टाका.

जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट खड्डा घेऊन हेच मिश्रण भरा आणि जमिनीपासून एक फूट उंच गादी करा. आळं करू नका. वेल गादीवर, पाणी बाजूनं निघून गेलं पाहिजे.

आता वाफसा ओळखायचा कसा, ते नीट सांगते कारण बाकी सगळं चुकलं तरी हे चुकू नये. दोन-तीन इंच खालची मूठभर माती घ्या, मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा झाला पाहिजे, आणि त्या गोळ्याला अंगठ्यानं हळूच टिचकी मारली की तो फुटून मोकळा झाला पाहिजे, हा वाफसा. गोळाच होत नाही, भुरभुर सांडतं, तर पाणी द्या. दाबताना बोटातून ओल आली किंवा गोळा चिखलासारखा तसाच राहिला तर दोन दिवस पाण्याला हात लावू नका, वेल कितीही मलूल दिसला तरी. मुळं कुजली तरी वेल मलूल दिसतो आणि तहान लागली तरी मलूलच दिसतो, वरून फरक कळत नाही, माती हातात घेतल्यावरच कळतो.

जागा आणि आधार

पूर्वेची भिंत सगळ्यात चांगली. सकाळी नऊ-दहापर्यंतचं कवळं ऊन मिळालं, मग दिवसभर उजेडाची सावली. पश्चिमेच्या भिंतीला लावायचं नाही, ती भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. गच्चीवर लावायचं असेल तर हिरवी शेडनेट लागेल, पावसाळ्यात ५० टक्केवाली चालते, मार्च ते जून ७५ टक्केवाली किंवा डबल करा, आणि ज्या बाजूनं गरम वारा येतो त्या बाजूला उभं पडदं लावा. नुसती वरून सावली केली आणि वाऱ्याला मोकळं सोडलं की पानांच्या कडा करपणारच.

पानमळ्यात आधाराला शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झाडं आधी दीड-दोन महिने लावून ठेवतात, ती वेलाला खांब पण होतात आणि सावली पण देतात. अंगणात जागा असेल तर मी हादगा सांगेन, लवकर वाढतो, सावली विरळ पडते आणि फुलांची भाजी होते. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ अळ्या येतात, त्या वेलावर उतरतात, पानं खुडताना हाताला लागल्या की दिवसभर खाज. आधीपासून आंबा, नारळ असेल तर त्याच्या बुंध्याला उत्तर-पूर्वेच्या बाजूनं लावा.

झाड नसेल तर बांबूला किंवा पीव्हीसी पाईपला गोणपाट दोन-तीन घड्या करून सुतळीनं घट्ट गुंडाळा. उन्हाळ्यात तो गोणपाट ओला ठेवायचा, वेलाची पेरावरची मुळं त्यात घुसतात आणि तिथनं पण ओल घेतात. लोखंडी पाईप, ग्रिल, कुंपणाची तार यांना वेल चढवू नका. एप्रिलमधे लोखंडाला हात लावून बघा, आपला हात राहत नाही तिथं वेलाचं कवळं मूळ काय राहणार.

वेल वाढेल तसा वीतभर अंतरावर बांधत जायचं. केळीच्या सोपटाची वाळलेली पट्टी भिजवून बांधली तर वेलाला काचत नाही. गाठ सैल ठेवा, बोट जाईल एवढी.

पाणी, महिन्याप्रमाणे

पावसाळ्यात पाऊस पडत असेल तर काही देऊ नका, फक्त पाणी साचत नाही ना बघा. खंड पडला तर दोन दिवसाआड. हिवाळ्यात तीन-चार दिवसातून एकदा, तेपण सकाळी ऊन पडल्यावर. थंडीत वेल झोपतो, नवीन पान जवळजवळ येत नाही, परभणीकडं थंडीची लाट आली की पानं काळपट पण पडतात, अशावेळी खत-पाणी वाढवून उपयोग नाही, रात्री जुनी साडी पांघरा आणि वाट बघा.

खरी परीक्षा मार्च ते जूनचा पहिला पाऊस. या दिवसात मी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर असं दोनदा थोडं थोडं पाणी देते, एकदम बादलीभर नाही. बुडाशी चार बोटं उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट अंथरायचं, आपल्या लातूर भागात दोन्ही रग्गड मिळतं. आच्छादन खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळी जागा ठेवा. दुपारी वेलावर पाणी मारू नका, वेलाच्या आजूबाजूची फरशी, भिंत, गोणपाट ओलं करा म्हणजे हवेत गारवा राहतो. कुंडीजवळ पाण्यानं भरलेलं पसरट घमेलं ठेवलं तरी फरक पडतो, आणि चिमण्यांना पण प्यायला होतं.

२०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घरात प्यायला मोजून पाणी, झाडाला कुठलं. त्या दोन महिन्यात मी भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवून रोज दोन तांबे वेलाला द्यायची, बाकी सगळं पाचटावर आणि ओल्या पोत्यावर निभावलं. वरची पानं गेली, पण बुडखा जिवंत राहिला आणि मृगात फुटला. म्हणून सांगते, पाणी कमी असलं तरी चालतं, आच्छादन आणि सावली कमी चालत नाही. साबणाचं, भांडी घासलेलं पाणी मात्र देऊ नका.

बोअरचं पाणी हा आपला अजून एक त्रास. क्षार जास्त असतात, कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री धरते, आणि काही महिन्यानं नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. ती लोहाची कमतरता, मातीत लोह असतं पण चुनखडीमुळं वेलाला घेता येत नाही. चिलेटेड लोह मिळतं ते पाकिटावरच्या मापानं पानांवर फवारा. पावसाचं पाणी दोन-तीन ड्रम साठवता आलं तर साठवा आणि महिन्यातून एकदा त्या पाण्यानं कुंडी भरपूर धुवून काढा, खालून पाणी वाहून जाईपर्यंत.

खताचं फार काही नाही. दोन महिन्याला दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. पावसाळ्यात पंधरा दिवसाला शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी, एक मूठ पेंड दोन लिटरमधे दोन दिवस भिजवून, गाळून, परत दहा पट पाणी घालून. युरियानं पान मोठं होतं पण पातळ आणि पाणचट, दुसऱ्या दिवशी सडतं, चव पण लागत नाही.

रोग-कीड

पावसाळ्यात दोन गोष्टींवर डोळा ठेवा. एक, पानावर पाणी लागल्यासारखे गोल काळे-तपकिरी डाग जे दोन दिवसात पसरतात. दुसरं, जमिनीलगतचं खोड काळं मऊ पडून अख्खा वेल एकदम मान टाकतो, याला मर म्हणतात. दोन्हीमागं बऱ्याचदा फायटोफ्थोरा नावाची पाण्यातून पसरणारी बुरशी असते. मर लागलेला वेल वाचत नाही, उपटून लांब नेऊन जाळा आणि त्या मातीत परत नागवेल लावू नका. मर यायच्या आधी करायचं काम म्हणजे निचरा, जमिनीला टेकणारी खालची पानं काढणं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मातीत ट्रायकोडर्मा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स मिळालं तर तेच आणा, त्यात ट्रायकोडर्मा धरून उपयोगी बुरशी-जिवाणू एकत्र असतात, शेणखतात मिसळून बुडाशी द्यायचं.

डाग दिसायला लागले तर एक टक्का बोर्डो मिश्रण. घरच्यासाठी १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात रात्री भिजत घाला, दुसऱ्या भांड्यात १० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमधे विरवून गार करा आणि गाळून घ्या. मग दोन्ही एकत्र तिसऱ्या भांड्यात ओतत हलवायचं, आकाशी निळा रंग येतो. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, त्यावर तांबूस थर आला तर अजून थोडी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं जळतात. त्याच दिवशी फवारायचं, उरलेलं ठेवून चालत नाही. धातूचं भांडं वापरू नका. फवारणीआधी खाण्यासारखी पानं सगळी खुडून घ्या आणि नंतर तीन आठवडे तरी त्या वेलाचं पान खायचं नाही, खाताना चोळून धुवायचं.

पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आला तर ओल्या फडक्यानं पुसून काढा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. उन्हाळ्यात पानामागं बारीक लाल कोळी येतो, त्याला पानाच्या मागून पाण्याचा फवारा पुरतो. दुकानातलं कुठलं विषारी औषध या वेलावर मारू नका, हे पान आपण कच्चं खातो, लेकराच्या हातात देतो, देवापुढं ठेवतो.

उतरण

हे घरी कुणी करत नाही आणि म्हणून तिसऱ्या वर्षापासून वेल खालनं नागडा आणि वर चार पानं असा होतो. पानमळ्यात वेल दरवर्षी उतरवतात. मी पहिला पाऊस होऊन हवा गार झाली की करते. आधी पानं खुडून घ्यायची, शेंड्याकडची आठ-दहा ठेवायची. दोन दिवस पाणी बंद, म्हणजे वेल जरा लवचिक होतो, भरलेला असेल तर काडकन मोडतो. मग वरून बांध सोडत हळूहळू वेल खाली घ्यायचा, खालची बिनपानांची लांबी बुडाशी गोल वेटोळं करून मातीवर ठेवायची, त्यावर माती-शेणखताचा तीन-चार बोटं थर द्यायचा आणि शेंड्याचा दीड-दोन फूट भाग परत आधाराला बांधायचा. गाडलेल्या प्रत्येक पेराला नवीन मुळं फुटतात, महिन्याभरात वेल नव्या वेलासारखा धावतो. मोडलेले तुकडे टाकू नका, तेच बेणं. ओल्या गोणपाटात गुंडाळले तर दोन-तीन दिवस टिकतात, गावाकडं पाठवता येतात.

पान खुडणं आणि ठेवणं

वेल पाच-सहा फुटाचा झाला की खुडायला सुरुवात करा, साधारण सहा-आठ महिने लागतात. नेहमी खालून वर, आणि देठासकट. नख देठाच्या बुडाशी लावून बाजूला दाबायचं, ओढायचं नाही, ओढलं की खोडाची साल निघते. मळ्यातले लोक अंगठ्यात पत्र्याची नखी घालतात. खुडायची वेळ सकाळची. पिकलेलं पान कसं ओळखायचं तर रंग जरा उजळतो आणि बोटात धरून वाकवलं की मोडत नाही, चकाकी येते.

दोन-तीन दिवस ठेवायची तर ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाच्या बाजूला. फ्रिजमधे ठेवायची तर धुवायची नाहीत, कोरड्या फडक्यात, मग डब्यात, आठ दिवस राहतात. एक सडलं की शेजारची सडतात, रोज उलटून बघा. आमची आज्जी चंचीत पानं ठेवायची, हिरव्या कापडाची, चार कप्प्याची, एकात पान, एकात कात, एकात लवंग-वेलची, चुन्याची पितळी डबी दोरीला. ती पान काढलं की आधी मांडीवरच्या लुगड्याला दोन्ही बाजूनं पुसायची, मग देठ खुडून, मागच्या शिरा नखानं सोलून, पालथ्या पानावर बोटाच्या टोकावरचा चुना. चुना एवढाच, मुगाएवढा, जास्त झाला की तोंड पोळतं.

वापर

पहिला मान देवाचा. कलशात पाच पानं, सुपारीचा गणपती मांडायला पान, सत्यनारायणाला विडा, साखरपुड्याला पानसुपारी, घरचा वेल असला की ऐनवेळी बाजारात पळावं लागत नाही, नवरात्रात तर पानाचा भाव बघण्यासारखा असतो. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आपल्याकडं हिंदू काय मुसलमान काय, घरात पानदान आणि पाहुण्याला पान ही रीत सगळीकडं सारखीच मुरलेली आहे.

सर्दी-पडशाला दोन पानं, चार तुळशीची पानं, आल्याचा तुकडा आणि गूळ दोन कप पाण्यात उकळून एक कप करून आम्ही पितो, घशाला बरं वाटतं. लहान लेकराच्या छातीला तिळाचं तेल लावलेलं पान तव्यावर कोमट करून शेकायची जुनी रीत आहे, पण आधी आपल्या गालाला लावून बघा, आणि लेकराला धाप लागत असेल तर पानावर वेळ न घालवता डॉक्टरकडं जा. बेसनात ओवा घालून पानाची भजी करा, कवळी पानं घ्या, मस्त होतात. दुधात पान, गुलकंद, बडीशेप फिरवून गार करून दिलं तर पोरं आइस्क्रीम मागत नाहीत.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पान वेगळं आणि त्यात घातली जाणारी सुपारी-तंबाखू वेगळी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू नसली तरीसुद्धा. सतत सुपारी चघळणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडायचं बंद होतं, हे मी घरातल्या माणसाचं बघितलंय, शेवटी शेवटी दोन बोटं जात नव्हती, भाकरी दुधात कुस्करून चमच्यानं द्यायची वेळ आली. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे तरी पुड्या मिळतात. म्हणून आमच्या घरी विडा होतो, पण त्यात सुपारी-तंबाखू नसते. पूजेची सुपारी पूजेलाच.

आणि ज्यांना विड्याची सवय आहे पण दात नाहीत, त्यांच्यासाठी तांबूल. नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुकामातेला कुटलेल्या पानाचा तांबूल चढवतात आणि तोच प्रसाद मिळतो, गडावर जाताना दुकानादुकानात कुटायचा ठोक ठोक आवाज चालू असतो. घरी करायला २५ कपुरी पानं धुवून, फडक्यावर तासभर पसरून पूर्ण कोरडी करा, पाण्याचा थेंब राहिला तर तांबूल चार दिवसात आंबतो. देठ, शेंडा आणि जाड शिरा काढा. आधी पाच वेलची, चार लवंगा, चिमूट जायफळ आणि एक चमचा भाजलेली बडीशेप खलबत्त्यात बारीक करा. मग त्यात पानं हातानं फाडून थोडी थोडी घालत कुटा, मिक्सर वापरू नका, गरम होऊन पान काळं पडतं आणि वास उडतो. पानं मऊ झाली की दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धा चमचा ज्येष्ठमधाची पूड, चिमूटभर कात, मुगाएवढा चुना आणि शेवटी चार चमचे गुलकंद, परत हलक्या हातानं कुटायचं. काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमधे ठेवा, आठ-दहा दिवस चांगला राहतो, काढताना चमचा कोरडा पाहिजे. जेवणानंतर एक छोटी गोळी पुरते, सासूबाईंना मी रात्रीच्या जेवणानंतर देते, त्या ती जिभेखाली ठेवून बराच वेळ नुसत्या बसून राहतात.